मूळ मालिकेत तो जातो

गोष्टीतल्या माणसाला वर्षानुवर्षं घरात ठेवणं हे कष्टाचं काम आहे. त्याला जेवू घालावं लागतं, त्याच्याशी भांडण काढावं लागतं, अधूनमधून ताप आणावा लागतो आणि आणला की उतरवावाही लागतो. माझी पगाराची नोकरी रत्नागिरीत एका हायस्कूलच्या कचेरीत आहे, घरचं काम आहेच, आणि वर ही तिसरी नोकरी. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. हिला पगार नाही आणि रजाही नाही. पुढचा भाग टाकायला चार दिवस उशीर झाला की वाचणाऱ्या बायका विचारतात, ताई, बरं आहे ना? त्यांना माझ्या तब्येतीची काळजी नसते, हे मला कळतं.

मी फॅनफिक्शन लिहिते. म्हणजे दुसऱ्याने रचलेल्या गोष्टीतली माणसं उचलायची आणि त्यांचं मागचं, पुढचं, मधलं आपण लिहायचं. माझी माणसं एका मराठी मालिकेतली आहेत. ती मालिका रोज संध्याकाळी लागायची आणि त्या अर्ध्या तासात आमच्या वाडीत कोणी कोणाच्या दारात जात नसे. त्यातला नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत नोकरीसाठी परदेशी जातो. बायको वाट बघते. भागांमागून भाग ती वाटच बघते, मग तिकडे तो अपघातात वारल्याची बातमी येते, मग बहुतेक वाहिनीचाही धीर सुटतो आणि एका शनिवारी मालिका गुंडाळली जाते. मला त्या शेवटाचा फार संताप आला होता. पुढच्याच आठवड्यात हातखंब्याहून रत्नागिरीला जाणाऱ्या एसटीत बसून मी मोबाइलवर पहिला भाग लिहिला. माझ्या गोष्टीत तो जातच नाही.

आम्हा लिहिणाऱ्या बायकांचा एक गट आहे. मालिकेत जे घडलं त्याला आम्ही 'मूळ' म्हणतो. मुळाशी वागायच्या दोन रीती. एक, मुळाला धक्का न लावता त्याच्या फटीत लिहायचं. सोमवारच्या भागात ती स्वयंपाकघरात रडत असते आणि मंगळवारी हसत पानं वाढते, तर मधे काय झालं ते लिहायचं. दुसरी रीत म्हणजे दुसरी दुनिया. तिथे मूळ सोडून द्यायचं आणि तीच माणसं वेगळ्या आयुष्यात नेऊन ठेवायची. एकीने खाष्ट सासूला पोलीस इन्स्पेक्टर केलं. एकीने सगळं खटलं पेशवाईत नेलं, तिथे नवराबायकोतला गैरसमज मिटवायला दरवेळी घोडेस्वार पाठवावा लागायचा.

पण दुसऱ्या दुनियेलाही कायदा आहे. जग बदला, माणूस बदलू नका. सासू इन्स्पेक्टर झाली तरी तिने कैद्यालाही टोमणेच मारले पाहिजेत. आणि मुळातला बदल एकच करायचा. एक खिळा काढायचा, मग त्यामुळे जे पडेल ते पडू द्यायचं. माणूस बिघडला की खाली प्रतिक्रिया येते, 'हा तो नाही.' आमच्यात याहून वाईट काही बोलत नाहीत.

माझे भाग सगळ्यात आधी वाचणारी बाई नाटे गावची आहे. तिच्या घरची माणसं मच्छीच्या धंद्यात, ती घर सांभाळून शिकवण्या घेते. आमची गाठ मोबाइलवरच पडली. मालिकेतलं घर म्हणजे पुण्याकडचा बंगला, सणवार आणि व्रतवैकल्यांचा. तिचं घर मुसलमानाचं, आमचं बौद्धाचं. मालिकेतली मंगळागौर कितव्या वर्षीची होती आणि थोरल्या जावेने त्या दिवशी कोणती साडी नेसली होती यावर आम्ही दोघी तासन्‌तास वाद घालायचो, आणि दोघींपैकी एकीच्याही घरी ती कधी पुजली गेली नव्हती. एकदा मी शाळेतल्या एका बाईंना विचारलं की मंगळागौरीला नैवेद्य काय करतात. त्या म्हणाल्या, तुम्हाला कशाला हवंय? मी म्हटलं, सहज. त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. माझ्या गोष्टीतला नवरा परदेशी गेला नाही म्हणून मी त्याला रत्नागिरीत नोकरी दिली, आमच्याकडे जांभ्याचं लहानसं घर दिलं, आणि हळूहळू त्या घरातले सणवार कमी करत आणले. एकाही वाचकाने हरकत घेतली नाही.

हरकत आली ती नाट्याच्या त्या मैत्रिणीकडून. तिने एकदा आवाजी मेसेज पाठवला, "ताई, हा थांबला ते मान्य. पण जो माणूस मुळात जायला निघाला होता, तो घरी राहून इतका गोड कसा वागेल? रोज बायकोच्या कालवणाची तारीफ करतो. हा तो नाही."

मला राग आला. मी आठवडाभर तिला उत्तर दिलं नाही. ते गोडच भाग बायकांना सर्वात जास्त आवडत होते, मग हिचं काय बिघडत होतं? पण मनात कुठेतरी मला ठाऊक होतं की ती बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हेही ठाऊक होतं. घरात राहणारा नवरा कसा असतो हे मी पाहिलेलंच नव्हतं.

आमचं लग्न झालं आणि महिन्याभरात हे मुंबईला परत गेले. औषधांच्या एका गोदामात स्टोअरकीपर. राहायला वाडीतल्या सगळ्या पुरुषांची मिळून एक खोली, तिथे प्रत्येकाची आपापली खाट आणि आपापला खिळा. जयंतीला यायचे आणि मे महिन्यात यायचे. आले की दोन-तीन दिवस पाहुण्यासारखे, मग जरा घरच्यासारखे होतायत तोवर बॅग भरायची वेळ. इतक्या थोड्या दिवसांत भांडायला कोण बसतं? दुरून डोंगर साजरे. मी गोष्टीत जो माणूस लिहीत होते तो कायम सुट्टीवर आलेला होता.

मागच्या वर्षी हे रिटायर होऊन घरी आले. विहारात सगळ्यांनी मिळून शाल घातली, दोघांचा एकत्र फोटो काढला. मुलगी नोकरीला पुण्यात, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

पहिल्याच आठवड्यात मी शाळेतून घरी आले तर स्वयंपाकघरातली फळी बदललेली. डबे उंचीप्रमाणे लावलेले, पुढे जुना माल, मागे नवा. जे आधी आलं ते आधी संपलं पाहिजे, असं मला समजावण्यात आलं. मिठाची बरणी शोधायला मला विचारावं लागलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं गोदाम सुटलं तरी ह्यांच्यातला स्टोअरकीपर सुटला नव्हता. भाताला पाणी किती, गॅस कधी बारीक करायचा, शेजारणीने वाटी परत का केली नाही, सगळ्यात लक्ष. मी जे काम इतकी वर्षं एकटीने केलं त्याची आता रोज तपासणी होत होती. संध्याकाळी हे हातखंबा तिठ्यावर जाऊन उभे राहायचे. हायवेचं काम संपता संपत नाही, त्या धुळीत उभं राहून मुंबईच्या गाड्या बघायचे. कोणती गाडी लेट आहे ते घरी येऊन मला सांगायचे. आमचं कोणी त्या गाडीने येणार नसायचं.

मी दमले होते. कामाने नाही, दुसऱ्याच्या घरात असण्याने दमले होते. एसटीत पाऊण तास मिळायचा तेवढाच माझा. त्या पाऊण तासात गोष्ट लिहायला घेतली की तो गोड माणूस पानावर यायलाच तयार होईना. शेवटी मी त्याला फळी आवरायला लावली. डबे उंचीप्रमाणे. बायको मीठ शोधते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ते मिठासाठी नसतं, हे त्याला कळत नाही. तो भाग मी एका बैठकीत लिहिला आणि न तपासता टाकला.

बायका खवळल्या. आमच्या माणसाला काय झालं? हा तो नाही. ताई, घरात काही टेन्शन आहे का? एकीने तर वाचणं सोडल्याचं जाहीर केलं. नाट्याहून मात्र दोनच शब्द आले, 'आता जमला.' मला त्या दोन शब्दांचा आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं रडू आलं.

त्याच सुमाराला ह्यांचे फोन सुरू झाले. गोदामाचा जुना कंत्राटदार होता, त्याने भिवंडीला नवं गोदाम घेतलं होतं आणि त्याला भरवशाचा माणूस हवा होता. दोन वर्षांसाठी. हे अंगणाच्या टोकाला जाऊन बोलायचे, पण ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. अख्ख्या वाडीला भिवंडी कळलं, मलाच सांगायचं राहिलं होतं. वाडीच्या खोलीतली ह्यांची खाट अजून कोणाला दिलेली नाही, हेही मला अंगणातूनच कळलं. मी विचारलं नाही. हे जावेत असं मला वाटतंय की राहावेत असं, ते मला ठरवता येत नव्हतं. जाणार म्हटलं की फळी डोळ्यांपुढे यायची आणि सुटल्यासारखं वाटायचं. आणि मग तिठ्यावर एकट्या उभ्या राहिलेल्या ह्यांची पाठ आठवायची.

मी मोबाइलवर काहीतरी लिहिते हे ह्यांना ठाऊक होतं, पण काय ते ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने बापाचा वेळ जावा म्हणून मी ज्यावर भाग टाकते ते ॲप ह्यांच्या फोनवर घालून दिलं आणि माझी गोष्ट काढून दिली. हे पहिल्या भागापासून वाचायला बसले. पडवीत चष्मा लावून, ओठ हलवत, बोटाने ओळी सरकवत. आठवडे गेले. वाचून काय वाटलं ते एका शब्दाने सांगितलं नाही.

मग एके दिवशी सकाळी मी उठते तर चहा तयार. गुळाचा. मला नवल वाटलं, पण प्यायले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुळाचा चहा. तिसऱ्या दिवशी कालवणाची तारीफ झाली, आणि तारीफ करताना हे माझ्याकडे असं चोरून बघत होते की माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्टीतला तो रोज सकाळी बायकोला गुळाचा चहा करून देतो. तिला गुळाचा आवडतो, मालिकेतही आवडायचा, मुळात आहे ते. मला गुळाच्या चहाने मळमळतं.

गोष्ट लिहिणारी म्हणजेच गोष्टीतली बायको, असा ह्यांचा हिशेब होता. मी बरेच दिवस तो चहा गुपचूप प्यायले. साठीच्या माणसाने मन लावून केलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं, आणि म्हटलं तर सगळा खुलासा कुठून सुरू करायचा? माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी पडवीत सुपात सुकट घेऊन निवडत बसले होते. हे फोन घेऊन शेजारी येऊन बसले आणि चहा टाकू का म्हणाले. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की टाका, पण साखरेचा. गूळ तिला आवडतो, मला नाही.

ह्यांनी फोन खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "मंग त्यातली ती तू नाय?"

मी म्हटलं, "नाही. ती मालिकेतली आहे."

"आणि तो?"

"तोही मालिकेतला."

"फळी तर माझीच हाय."

मी सुकटीतले खडे वेचत राहिले. हे वाचून दुखावले असतील अशी मला भीती होती, पण आवाजात तसं काही नव्हतं. एखादा माल कुठून आला ते विचारावं तसं विचारत होते.

"शिरेलमदी तो इमानात बसतो," हे म्हणाले. "तुझ्यात बसत नाय. का?"

मी आमचा नियम सांगितला, की मुळातली एकच गोष्ट बदलायची. मालिकेत तो निघतो तेव्हा ती दारात गप्प उभी राहते आणि पदराने डोळे पुसते. मी तेवढंच बदललं. माझ्या गोष्टीत ती 'थांबा' म्हणते.

"येवढ्यावर तो थांबला?"

"गोष्ट आहे ती."

ह्यांनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाले, "माझी बॅग तू भरायचीस. कोकमं, सुकट, लोणचं. कदी काय इसरली नायस."

हा टोमणा होता की कौतुक ते मला कळलं नाही. पण इतक्या वर्षांचं साचलेलं वर आलं आणि मी म्हटलं, "थांबा म्हणायला परवडावं लागतं. ती बंगल्यातली बाई आहे. मी थांबा म्हटलं असतं तर आपण खाल्लं काय असतं? पोरगी शिकली कशी असती?"

"व्हय," हे म्हणाले. "ता बरोबर." आणि माझ्याकडे न बघता, "पन आता परवडतंय."

मी सुकट तशीच ठेवली. खरं बोलायचं तर मला त्या क्षणी प्रेमाबिमाचं काही वाटलं नाही, फार थकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मला तुमची सवय नाही. हे म्हणाले, मला पन तुजी नाय. मग स्वतःहून भिवंडीचं सांगितलं, जे मला कधीचं ठाऊक होतं. कंत्राटदाराला उद्या उत्तर द्यायचं होतं. काय सांगू, म्हणाले.

मला उत्तर ठाऊक असतं तर दिलं असतं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा, आणि सुकटीचं सूप उचलून आत गेले. रात्री झोपण्याआधी ह्यांनी माळ्यावरून बॅग काढून झटकल्याचा आवाज मी ऐकला.

सकाळी मी शाळेत जायला निघाले. पडवीत चपला घालत होते तेवढ्यात कंत्राटदाराचा फोन आला. ह्यांनी या वेळी अंगणाचं टोक गाठलं नाही. माझ्यासमोर खुर्चीत बसूनच फोन घेतला, नेहमीसारखा मोठ्या आवाजावर.

"नाय साहेब," हे म्हणाले, "नाय जमायचं. मी निगालोच होतो, बॅग पन काडली. पन घरवाली सोडत नाय. थांबा बोलतेय."

मी एक पाय चपलेत घालून तशीच उभी राहिले. मी असं काही म्हटलं नव्हतं. हे माझ्याकडे बघत होते, आणि तो चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. भाग टाकून पहिल्या प्रतिक्रियेची वाट बघताना माझा स्वतःचा होतो, तसा होता.

कंत्राटदार हसला. वहिनी आहेत का, म्हणाला, द्या त्यांना, मी समजावतो. ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. वहिनी, दोनच वर्षं, तिकडून आवाज आला, माणूस अजून खमक्या आहे, कशाला अडवून ठेवताय? खरंच अडवलंय का तुम्ही?

खरं उत्तर नाही असं होतं. एसटीची वेळ झाली होती, फळीवरचं मीठ मला अजून सापडत नव्हतं, आणि हे हात लांब करून बसले होते.

"हो," मी म्हटलं. "मीच थांबा म्हटलंय."

फोन परत देऊन मी दुसरी चप्पल घातली. मालिकेतला नाही, माझ्या गोष्टीतलाही नाही, हा माणूस आता घरी राहणार होता, आणि त्याच्याबरोबर कसं राहायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं.